पृच्छक आणि दैवज्ञ



गेल्या मार्गशीर्षांत एके दुपारीं माझी एक जुनी विद्यार्थिनी सांगलीहून साताऱ्यास माझ्या घरीं आली. शाळेंत असतांना ती गणितांत बेताचीच होती. परंतु वर्गांत कोण घरून रडून आलें आहे हें मास्तरांच्या आधीं तिला कळत असे. चहापाणी झाल्यावर तिनें पिशवींतून एक रेशमी रुमाल काढला, त्यांतले चित्रांचे पत्ते सतरंजीवर मांडले, आणि कांहींशा संकोचानें म्हणाली, "गुरुजी, मी हल्लीं टॅरो पाहतें. तुम्ही पत्रिका पाहतां, म्हणून तुमच्याकडे आलें. तुम्ही हंसणार नाहीं असें वाटलें."

मी हंसलों नाहीं. माझे वडील आमच्या गांवचें जोसपण करीत. पंचांग पाहणें व कुंडली मांडणें मी त्यांच्याकडून शिकलों, आणि प्रथम शाळेची नोकरी संभाळून व आतां निवृत्तींत, कोणाकडून पैसा न घेतां, आज चाळीस वर्षें लोकांच्या पत्रिका पाहत आलों आहें. ज्याच्या घरांत आधींच राशिचक्र आहे त्यानें दुसऱ्याच्या पत्त्यांस काय हंसावें?

तिची अडचण अशी होती. तिच्याकडे एक बाई दर मंगळवारीं येत. यजमान जाऊन वर्ष झालें होतें. दर वेळीं प्रश्न तोच, आणि पत्ते मात्र दर वेळीं निराळे निघत. मागल्या खेपेस जवळ पैसे नव्हते म्हणून त्या बाईंनीं हातांतली सोन्याची बांगडी काढून पत्त्यांशेजारीं ठेवली. "मीं ती घेतली नाहीं, गुरुजी. पण येत्या मंगळवारीं त्या पुन्हां येतील. तेव्हां मी काय करूं?"

त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. जें तेव्हां सुचलें नाहीं तें आज आपणांसमोर मांडीत आहें. त्या दोघींची अनुमति मीं घेतली आहे, आणि ओळख पटेल असें कांहीं सांगणार नाहीं.

त्या पत्त्यांविषयीं प्रथम दोन शब्द. हे पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटालींत निघाले, आणि ते खेळण्यासाठींच निघाले. त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सांत पसरली. आज बहुतेक ठिकाणीं दिसतात तीं चित्रें १९०९ सालीं पामेला कोलमन स्मिथ नांवाच्या एका चित्रकर्तीनें काढलेल्या संचावरून आलेलीं आहेत. आपल्या सावंतवाडीसहि गंजिफाचे सुरेख गोल पत्ते होतात आणि त्यांत दशावतार रंगविलेले असतात. पण कोंकणांतला मनुष्य त्यांवर खेळच खेळला, त्यांना आपल्या लग्नाची तिथि विचारीत बसला नाहीं. आमच्या देशावर तें काम दुसऱ्यांकडे होतें. पहांटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, कुडमुडें वाजवीत दारीं उभा राहणारा जोशी, आणि यात्रेंत पिंजरा मांडून बसणारा पोपटवाला. पोपट चोंचीनें पाकीट ओढून काढी, आणि मालक तें उघडून वाची. टॅरोचा हा गरीब भाऊ म्हणावयास हरकत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पोपट पकडून ठेवण्यास बंदी आली, आणि तो भाऊहि आतां क्वचितच दृष्टीस पडतो.

साधन बदललें तरी समोर बसणारा मनुष्य मात्र बदललेला नाहीं. त्याला आमच्या शास्त्रांत पृच्छक म्हणतात. सुखी मनुष्य सहसा पृच्छक होत नाहीं. त्याची पत्रिका ट्रंकेंत तळाशीं असते. दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यांत माझ्या ओसरीवर चपलांना जागा पुरत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें, त्यानंतर महिनाभर तिकडच्या ओळखीपाळखींचीं माणसें पत्रिका पाठवीत होतीं. त्याआधीं २००५ च्या पुरांत हरिपूरचीं हळदीचीं पेवें बुडालीं, तेव्हांहि तसेंच. जमिनींतल्या पेवांत वर्षानुवर्षें सुरक्षित राहणारी हळद एका रात्रींत गेली, तर माणसाला ग्रह आठवणारच. विटें-खानापूरकडचीं शेंकडों कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायीं दूरदूरच्या शहरांत विखुरलीं आहेत. मागें राहिलेल्या बाया पत्रिका घेऊन येतात ती नवऱ्याची, आणि विचारतात तें मात्र स्वतःविषयीं. हें त्यांचें त्यांनाहि ठाऊक नसतें.

मी गणिताचा मास्तर, म्हणून एक हिशेब आपणांपुढें ठेवतों. शनीला राशिचक्राची एक प्रदक्षिणा पुरी करण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. म्हणजे एका राशींत तो सरासरीनें अडीच वर्षें असतो. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास मिळून साडेसाती होते. बारांपैकीं तीन राशी म्हणजे चौथा हिस्सा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. बेरीज करून चारांनीं भागा. केव्हांहि पाहिलें तरी ह्या दोन जिल्ह्यांत सुमारें साडेचौदा लक्ष माणसें साडेसातींत असावयाचीं. तीं एस. टी. पकडतात, ऊंस लावतात, मुलांना शाळेंत घालतात, आणि आपणांस शनि लागला आहे याचा त्यांतल्या पुष्कळांना पत्ताहि नसतो. मंगळाचें तसेंच. लग्नीं, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानीं मंगळ असला कीं मुलगी मंगळी ठरते. बारांपैकीं पांच स्थानें. म्हणजे शेंकडा चाळीसांहून अधिक मुली. इतक्या मुली घर बुडविणाऱ्या असत्या तर महाराष्ट्रांत एक घर उभें राहिलें नसतें.

हाच हिशेब उलट बाजूनें पाहा. जें वाक्य साडेचौदा लक्षांना सारखेंच लागू पडतें, तें ओसरीवर बसलेल्या एकट्या दुःखी माणसाला सांगितलें कीं तें आपल्यासाठींच लिहिलेलें आहे असें त्याला वाटतें. तो उठून घरीं जातो आणि त्याप्रमाणें वागूं लागतो. लग्न मोडतो, दुकान विकतो, औषध थांबवितो. आमचें भविष्य खरें ठरलें कीं खोटें याची आम्ही चर्चा करतों. तें ऐकून मनुष्यानें घरीं जाऊन काय केलें, हें मात्र विचारावयास जात नाहीं.

पुण्यास २००८ सालीं एक प्रयोग झाला, त्याचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. कै. डॉ. जयंत नारळीकर, जे मूळचे आपल्या कोल्हापूरचे, यांनीं प्रा. सुधाकर कुंटे, श्री. प्रकाश घाटपांडे व डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या साह्यानें दोनशें मुलांच्या पत्रिका जमविल्या. निम्मीं मुलें हुशार, निम्मीं मंदबुद्धि. दर ज्योतिष्यास चाळीस पत्रिका देऊन विचारलें, कोणती कोणत्या गटांतली तें सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांचीं उत्तरें आलीं. बरोबर निघालेल्या उत्तरांचें प्रमाण शेंकडा ४६ भरलें. नाणें उडवून उत्तर दिलें असतें तर शेंकडा ५० भरलें असतें.

हें वाचून मला वाईट वाटलें, हें कबूल करतों. वडिलांची आठवण झाली. मीं पुष्कळ सबबी शोधल्या: जन्मवेळा चुकल्या असतील, ज्योतिषी कच्चे असतील. परंतु पेपर अवघड होता ही सबब मीं वर्गांत कोणा पोराची कधीं ऐकून घेतली नव्हती. पत्रिका खरी कीं खोटी हा वाद ह्या लहानशा भाषणांत मिटणार नाहीं, आणि मिटविण्याचा माझा अधिकारहि नाहीं. माझ्यापुरतें मीं इतकें ठरविलें कीं ज्या विद्येची अशी परीक्षा झाली आहे, तिच्या खुंटीला कोणाचें लग्न, शेत, औषध किंवा प्राण टांगावयाचे नाहींत.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. डॉ. दाभोलकर हे आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत त्यांचा खून झाला. चारच दिवसांनीं जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. सर्प, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें हा आतां अपराध आहे, आणि अशा अपराधांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु त्याच कायद्यांत स्पष्टपणें म्हटलें आहे कीं जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी, वास्तुशास्त्राचे व भूजलाचे सल्लागार यांच्या सल्ल्यास हा कायदा लागू नाहीं. माझी ओसरी कायद्याबाहेर राहिली. आमच्या कित्येक बंधूंस यांत आनंद झाला. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर मुलें कशीं वागतात, हें पाहण्यांत माझें आयुष्य गेलें आहे. मला आनंद झाला नाहीं.

मांत्रिक निराळा आणि ज्योतिषी निराळा, हें मला मान्य आहे. तरी दोघांच्या दारापर्यंत येणारी वाट बरीचशी एकच असते. मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें २० जून २०२२ रोजीं एकाच कुटुंबांतील नऊ माणसें मृत आढळलीं. कर्जापायीं सर्वांनीं आत्महत्या केली असें प्रथम वाटलें; पुढें पोलिसांनीं असा आरोप ठेवला कीं गुप्तधन काढून देतों म्हणून पैसे घेणाऱ्या मांत्रिकानें त्यांस विष दिलें. आरोपाचा निर्णय करणें हें न्यायालयाचें काम. मी एवढ्याचकडे लक्ष वेधतों कीं त्या घरांत एक शिक्षक होते, एक पशुवैद्य होते. शिकलेल्या घरांत असें होत नाहीं, हें समाधान आपणांपैकीं कोणी बाळगूं नये.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. पंधरा-सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास कोरेगांव तालुक्यांतले एक शेतकरी आपल्या मुलास घेऊन आले. मुलगा कॉलेजांत दुसऱ्या वर्षास होता. रात्ररात्र झोंपत नसे, आंघोळ करीत नसे, खोलीचें दार लावून बसे, आणि भिंतीपलीकडे लोक आपल्याविषयीं बोलतात असें म्हणे. "गुरुजी, पोराचं काय बिघाडलंय, तेवढं बघा की," बाप म्हणाला. मीं पत्रिका उघडली. चंद्र पाहिला, शनि पाहिला, दशा काढली. कागदावर जें जें होतें तें सारें पाहिलें. दोन हातांवर तो मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याच्याकडे मात्र पाहिलें नाहीं. "चैत्रापर्यंत कळ काढा, पुढें उतार पडेल," असें मीं सांगितलें. बापाच्या चेहऱ्यावर इतकें समाधान दिसलें कीं मलाहि बरें वाटलें. जातांना ते पायां पडले.

चैत्र उजाडण्याआधींच, फाल्गुनांत एका रात्रीं मुलगा घरांतून निघून गेला. आठ दिवसांनीं तो मिरज स्टेशनावर सांपडला, अंगावर एकच सदरा, पाय सुजलेले. मग डॉक्टर, इस्पितळ, औषधें. औषधांनीं त्याला गुण आला. पण कॉलेज सुटलें तें सुटलेंच. वैशाखांत बाप एकटाच माझ्याकडे आला. इतके दिवस कां थांबलां, असें डॉक्टरांनीं त्याला विचारलें होतें. त्यानें मला दोष दिला नाहीं. "तुमी चैत म्हणालासा, म्हणून थांबलो," एवढेंच म्हणाला, आणि शेतांतल्या शेंगांची पिशवी ओसरीवर ठेवून गेला. त्या शेंगा मला खाववल्या नाहींत.

अशा आजारांत उपचारास जितका विलंब तितकी पुढची वाट कठीण, हें जाणत्यांनीं मला मागून सांगितलें. तेव्हां तें मला ठाऊक नव्हतें, असें म्हणून मी सुटूं पाहीन. पण समोर बसलेल्या पोराच्या डोळ्यांकडे पाहावयास कोणती विद्या लागत होती? वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दैवज्ञ कसा असावा याचें मोठें वर्णन आरंभींच केलें आहे. तें मीं विद्यार्थ्यांस हौसेनें समजावून सांगितलें होतें.

तेव्हांपासून पत्रिकेची घडी उलगडण्यापूर्वीं मी तीन गोष्टी विचारतों. झोंप लागते का? जेवण जातें का? आणि जीव नकोसा वाटतो का? तिसरा प्रश्न विचारतांना प्रथम माझी जीभ अडखळे. मनांत नसलेलें आपण घालूं कीं काय, अशी भीति वाटे. मानसोपचार करणारांचा अनुभव याच्या उलट आहे. विचारल्यानें तो विचार उत्पन्न होत नाहीं, असला तर त्याला बाहेर येण्यास वाट मिळते. मीं विचारल्यावर कित्येक जण खालीं पाहतात, आणि मग असें बोलूं लागतात कीं पत्रिका उघडण्याची वेळच येत नाहीं. उत्तर "होय" आलें तर पत्रिका त्या दिवशीं पिशवींतच राहते. त्या माणसाला एकटा घरीं धाडावयाचा नाहीं, घरचें कोणी तरी बोलावून घ्यावयाचें, आणि त्याला हळूच सांगावयाचें कीं शेतावरची फवारणीच्या औषधाची बाटली आज रात्रीं घरांत ठेवूं नका. टेलिमानस नांवाची सरकारी सोय २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, आणि आपल्या भाषेंत बोलतां येतें. हा क्रमांक मीं पंचांगाच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईनें लिहून ठेवला आहे. येथें साताऱ्यांत डॉ. दाभोलकरांनीं उभी केलेली परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचें व मानसिक आरोग्याचें काम करीत आली आहे; साध्या माणसांना थोडें शिक्षण देऊन त्यांनीं मानसमित्र तयार केले. ज्यांनीं जन्मभर आमच्या विद्येस विरोध केला, त्यांच्या दारीं मी माझे पृच्छक पाठवितों. वडील असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. बहुधा गप्प बसले असते.

मृत्यूचा काळ मी सांगत नाहीं. पोटांत मुलगा कीं मुलगी हें सांगत नाहीं. नीलम, पुष्कराज असले खडे सुचवीत नाहीं, आणि कर्ज काढून कोणी शांति करूं लागला तर त्याला सांगतों कीं घरच्या देवापुढें दिवा लावला तरी चालेल. डॉक्टरांच्या गोळ्यांविषयीं माझें मत मी माझ्यापाशीं ठेवतों. एका बाईनें मला विचारलें, "आणखी किती दिवस सोसायचं, गुरुजी?" हात पाहावयास गेलों तों मनगटावर वळ होते. तिला गुरुबदलाची तारीख द्यावयाची नव्हती. महिलांसाठीं असलेला १८१ हा क्रमांक द्यावयाचा होता, आणि पुन्हां येण्याचें धैर्य द्यावयाचें होतें. ओसरीवर कान फार असतात, म्हणून अशा वेळीं मी शेजाऱ्यांना उठवून लावतों. उद्धट म्हणतात, म्हणोत.

राहतां राहिला तोच तो प्रश्न घेऊन दर मंगळवारीं येणारा पृच्छक. माझे वडील एकच प्रश्न वर्षांत दुसऱ्यांदा पाहत नसत. त्यांचा तो हट्ट आहे असें आम्हां मुलांना वाटे. आतां त्यांतलें शहाणपण कळतें. त्या मुलीला मीं टपालानें कळविलें कीं पुढच्या मंगळवारीं पत्ते रुमालांतून काढूंच नकोस. आणि पैशाच्या बाबतींत मी तुला उपदेश करणार नाहीं, कारण तुझें पोट त्यावर आहे आणि माझ्या घरीं पेन्शन येतें. पण फुकट पाहणारालाहि मोबदला मिळतोच. लोक पायां पडतात, वाट पाहतात, आपल्यावांचून त्यांचें अडतें. दर आठवड्यास कोणी तरी आपल्यासाठीं येतें ह्याची गोडी पैशापेक्षां वाईट, हें मी अनुभवानें लिहितों.

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. बाई आल्या होत्या. पत्ते दिसेनात म्हणून त्या प्रथम रागावल्या. मग मुलीनें विचारलें, "काका कसे होते हो?" वर्षभरांत हें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. दीड तास त्या बोलत होत्या. यजमानांना चहांत साखर किती लागे इथपासून. शेवटीं तिनें माझा तिसरा प्रश्न विचारला. बाईंनीं तोंडानें उत्तर दिलें नाहीं, मान हलविली. दुसऱ्या दिवशीं दोघी मिळून मिरजेस डॉक्टरांकडे गेल्या, मुलगी सोबतीला दालनाबाहेर बसून राहिली.

आतां औषध सुरू आहे. झोंप येते. मंगळवारीं त्या अजूनहि येतात, बांगडी हातांत असते, आणि बसल्याबरोबर म्हणतात, "काढ ग तुझे पत्ते." आजवर तिनें ते काढलेले नाहींत.